मळसूत्र : गुंडाळलेला घाट



ज्या पेटीतून माझा आवाज आपल्यापर्यंत पोचत आहे ती उलटी करून पाहिलीत, तर तिच्या पाठीवर चार-सहा बारीक गोल डोकी दिसतील. कोणावर सरळ चीर असेल, कोणावर फुली. तेवढी डोकी फिरवून काढली की पेटीची पाठ हातात येते, आणि पुन्हा फिरवून बसविली की पेटी होती तशी होते. दाराची बिजागरी, डोळ्यांवरचा चष्मा, भिंतीवरचे घड्याळ, डोक्यावर फिरणारा पंखा, ही सारी अशाच डोक्यांच्या भरवशावर उभी किंवा टांगलेली असतात. त्या स्क्रूविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

स्क्रू हा शब्द इंग्रजी खरा, परंतु सुतारापासून घड्याळजीपर्यंत सर्वांच्या तोंडी तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणवत नाही. मराठीत त्याला जुना शब्द आहे तो मळसूत्र. फारसीतून आलेला पेच हा दुसरा. त्या शब्दातला पीळ कुस्तीतही आहे, पतंगांच्या काटाकाटीतही आहे आणि वकिलांच्या युक्तिवादातही. कानातल्या कुडीला मागून जी बारीकशी चकती फिरवून बसवितात तिला आपल्या घरांतून फिरकी म्हणतात. आणि स्क्रूच्या अंगावरून जी धार वळत वळत चढत जाते, तिला कारखान्यातील कामगार आटे म्हणतात. हा शेवटचा शब्द मी पुढे पुष्कळदा वापरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या पुस्तकांत साधी यंत्रे सहा सांगितलेली असतात: तरफ, कप्पी, चाक आणि आस, उतरण, पाचर, व मळसूत्र. पहिली पाच मुले निमूटपणे मान्य करतात. पहारीने धोंडा हलतो, कप्पीने घागर वर येते, हे त्यांनी पाहिलेले असते. सहाव्याला मात्र वर्गात एखादा तरी हात वर होतो. 'गुरुजी, यंत्र म्हणजे काम करणारे. स्क्रू तर एकदा बसविला की नुसता बसून असतो. तो यंत्र कसा?' प्रश्न लाख मोलाचा आहे. पाठ पुढे रेटण्याच्या घाईत आपण शिक्षक तो पुष्कळदा टाळतो. त्याचे उत्तर दोन टप्प्यांनी द्यावे लागते.

पहिला टप्पा घाटाचा. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्यांना चोर्ल्याचा घाट ठाऊक आहे. सावंतवाडीकडे उतरणाऱ्यांना आंबोलीचा. डोंगराच्या कड्यावरून कोणी नीट उभे चढू लागला तर पन्नास पावलांत त्याची छाती भरून येईल. रस्ता तसे करीत नाही. तो डोंगराच्या अंगाने वळसे घेतो, उलटा फिरतो, अंतर तिप्पट-चौपट करतो, आणि पावलागणिक थोडाथोडा चढतो. म्हणून भरलेला ट्रकही कुरकुरत का होईना, माथ्यावर पोचतो. उंची तितकीच गाठावयाची असते. वाट लांब केली की जोर कमी लागतो. उतरण या यंत्राचे सारे रहस्य एवढेच आहे. फुकट काहीच मिळत नाही. जोरात जितके वाचविले तितके अंतरात भरावे लागते.

आता घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. काटकोनाची एक बाजू चार बोटे ठेवा, दुसरी चांगली वीतभर. तिसरी तिरकी बाजू हा आपला घाट. तिच्यावर शाईने जाड रेघ ओढा. मग चार बोटांची बाजू पेन्सिलीच्या लांबीवर धरून उरलेला कागद पेन्सिलीभोवती गुंडाळत जा. शाईची रेघ पेन्सिलीभोवती फेर धरीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढलेली दिसेल. हेच मळसूत्र. घाट डोंगराभोवती फिरतो, तसा हा चढ दांड्याभोवती फिरला आहे, इतकेच. दोन शेजारच्या आट्यांमधील अंतराला अंतराल म्हणतात. स्क्रूची एक फेरी पूर्ण केली की तो बरोबर एक अंतराल पुढे सरकतो. प्रयोगशाळेतील सूक्ष्ममापी याच एका गोष्टीवर चालतो: अंतराल १ मिलिमीटर, आणि फिरत्या टोपीवर १०० भाग पाडलेले, एक भाग फिरविला की टोक मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सरकते, आणि कागदाची जाडी आपल्याला आकड्यांत सांगता येते.

या गुंडाळलेल्या चढाची ताकद पाहावयाची तर जुन्या पद्धतीचा उभा स्क्रूचा जॅक पाहावा. त्याचा दांडा ३५ सेंटिमीटर लांब आणि अंतराल १ सेंटिमीटर आहे असे धरू. दांड्याचे टोक एक फेरी करते तेव्हा हात २२० सेंटिमीटर फिरतो, आणि ओझे वर जाते अवघा १ सेंटिमीटर. कागदावरच्या हिशेबाने हाताच्या १० किलोच्या जोरावर २२०० किलो उचलले जावे. प्रत्यक्षात तसे होत नाही. आट्यावर आटा घासतो आणि निम्म्याहून अधिक श्रम त्या घर्षणातच जातात.

येथे वर्गात आणखी एक हात वर होतो: 'मग तेल घालून ते घर्षण घालवून का टाकू नये?' आणि येथेच आपला दुसरा टप्पा येतो. जॅकने मोटार वर घेतली, दांडा सोडला, आणि माणूस चाक बदलावयास खाली वाकला. मोटार का खाली येत नाही? तिचे सारे वजन त्या गुंडाळलेल्या उतरणीवर उभे आहे. ते घसरावयास हवे. ते घसरत नाही याचे कारण तेच घर्षण. गणिताने असे सिद्ध करता येते की जे मळसूत्र ओझ्याखाली आपोआप उलटे फिरत नाही, त्याची कार्यक्षमता शेकडा ५० हून कमीच असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त श्रम वाया गेले म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्याच घर्षणाने मोटारीखालच्या माणसाचा जीव राखलेला असतो. घर्षण हा यंत्राचा शत्रू, असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहून देतो; या एका यंत्राच्या बाबतीत ते पुसून टाकावे.

आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. बसविलेला स्क्रू नुसता बसून नसतो. नट पान्ह्याने आवळला जातो तेव्हा बोल्ट किंचित ताणला जातो. पोलाद ताणले जाते हे आपल्याला खरे वाटत नाही, पण ते जाते; डोळ्याला न दिसण्याइतके, तरी रबराप्रमाणेच. मग तो बोल्ट आखडू पाहतो, दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरतो, आणि त्याच दाबाने आट्यांत घर्षण उत्पन्न होऊन नट मागे फिरत नाही. अहोरात्र, वर्षानुवर्षे तो ताण तसाच असतो. पंख्याच्या किंवा वाहनाच्या सततच्या थरथरीने मात्र आटे एकमेकांवर कणाकणाने सरकतात, आणि ताण हळूहळू उतरतो. म्हणून अशा जागी नटाखाली स्प्रिंगची चकती घालतात, एकावर दुसरा नट चढवितात, किंवा बोल्टातून आरपार पिन घालून तिची टोके फाकवितात. पंखा टांगणाऱ्या कारागिराने ही पिन परत घातली की नाही, हे शिडी काढण्यापूर्वी अवश्य पाहून घ्यावे. बोल्ट एकटा पुरेसा वाटतो, पण तो थरथरीपुढे टिकत नाही.

घट्ट धरून ठेवणे हेच काही प्रत्येक मळसूत्राचे काम नसते. चढ मंद ठेवला तर पकड मिळते. उभा ठेवला तर वेग मिळतो. पाणी वर चढविणारे मळसूत्र आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध आहे. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षांचा रस काढणाऱ्या मळसूत्राच्या दाबयंत्रांविषयी पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने आणि रोमच्या प्लिनीने लिहिले आहे. दिवाळीत आपल्याकडे पितळी सोऱ्याची मूठ फिरवून चकली पाडतात, तेही याच घराण्यातले यंत्र. घट्ट पीठ नुसत्या तळव्याने दाबावयाचे तर मनगटे भरून येतात; मुठीच्या फेऱ्यांनी ते सावकाश, पण बिनतक्रार उतरते.

याच दाबयंत्रापासून पंधराव्या शतकाच्या मध्याला युरोपात छापयंत्र झाले. लाकडी चौकट, मधोमध जाड मळसूत्र, त्याच्या टोकाशी सपाट दाबपाटी. खाली खिळे जुळवून त्यांवर शाई लावावयाची, वर ओलसर कागद ठेवावयाचा, आणि दांडा ओढून पाटी दाबावयाची. या मळसूत्राचे आटे मुद्दाम उभ्या चढाचे असत, कारण छापणाऱ्याला पाटी धरून ठेवावयाची नसते; एक ओढ, एक दाब, की लगेच पाटी वर. जॅकच्या आट्यांनी छापावयास बसले असते तर एका पानाला दांडा कितीतरी जास्त फिरवावा लागला असता. भारतात असे पहिले छापयंत्र उतरले ते गोव्यात, १५५६ साली. जात होते ते इथिओपियाला. राहिले जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. पुढे १६१६ मध्ये सासष्टीतील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. लिपी रोमन होती, कारण नागरीचे खिळे नव्हते. भाषा मात्र मराठी. १८०० च्या सुमारास लोखंडी छापयंत्रे निघेपर्यंत छापखाना म्हणजे मळसूत्राचे लाकडी यंत्रच. तेव्हा आमच्या भाषेचे ते पान कोणा अनाम कामगाराने दांडा ओढून, मळसूत्राच्या दाबानेच उमटविले. ख्रिस्तपुराणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या दांड्याला हात लावणाऱ्याचीही आठवण एखाद्या वेळी व्हावी.

आतापर्यंत सांगितली ती मोठी, लाकडी मळसूत्रे. दोन वस्तू जोडून धरणारा लहानसा धातूचा स्क्रू त्यामानाने अगदी अलीकडचा. युरोपात तो पंधराव्या शतकापासून चिलखते व बंदुका यांत दिसू लागतो. तो एकेक करून हाताने, कानशीने घासून करावा लागे. त्यामुळे एक मोठी अडचण असे. ती समजण्यास आपल्या भगिनींना इतिहासाचे पुस्तक उघडावे लागणार नाही. सोनाराने हाताने आटे पाडून केलेल्या जुन्या कुड्यांची जोडी काढून पाहा. उजव्या कुडीची फिरकी डावीला बसवू गेले तर ती पुष्कळदा अर्ध्यावर अडते, किंवा सैल फिरत राहते. प्रत्येक फिरकी आपल्याच कुडीला ओळखते. म्हणून जाणत्या बायका फिरक्या कुड्यांतून काढून वेगळ्या ठेवीत नाहीत. पूर्वी साऱ्या यंत्रांची स्थिती हीच होती. एका बोल्टाचा नट दुसऱ्याला चालत नसे. यंत्र उघडले की कोणता नट कोणत्या बोल्टाचा याच्या खुणा कराव्या लागत, आणि एक हरवला तर नवी जोडी घडवावी लागे.

१८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने आटे कातण्याचे लोखंडी लेथ पूर्णत्वास नेले, आणि एकसारखे आटे हवे तितके पाडणे शक्य झाले. पण एकसारखे म्हणजे एका कारखान्यापुरते. शेजारच्या कारखान्याचा हिशेब निराळा. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये यावर उपाय सुचविला. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, ते मोजले, आणि त्यांची सरासरी काढून एक कोष्टक मांडले: अमुक जाडीच्या बोल्टाला इंचात अमुक आटे, आणि आट्याच्या खाचेचा कोन सर्वत्र ५५ अंश. मला या गोष्टीतले शहाणपण फार आवडते. आपलाच स्क्रू उत्तम, तोच सर्वांनी घ्यावा, असे तो म्हणाला असता तर कोणी ऐकले असते असे वाटत नाही. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडे थोडे सोडावे लागले, आणि कोणालाच हरल्यासारखे झाले नाही.

अमेरिकेत मात्र १८६४ मध्ये विल्यम सेलर्स याने दुसरे कोष्टक मांडले. त्याचा कोन ६० अंश. करावयास तो सोपा होता. आता गंमत पाहा. अर्ध्या इंची बोल्टाला व्हिटवर्थच्या कोष्टकात इंचाला १२ आटे, सेलर्सच्या कोष्टकात १३. एका आट्याचा फरक! पण तेवढ्याने एका देशाचा नट दुसऱ्या देशाच्या बोल्टावर चढेना. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांची सैन्ये खांद्याला खांदा लावून लढत असता एकमेकांची यंत्रे दुरुस्त करताना हा एक आटा फार महाग पडला. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी एकच कोष्टक मान्य केले. त्यात कोन ६० अंशांचाच राहिला.

शांततेच्या काळातही याची किंमत द्यावी लागली आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टनहून आगीचे बंब आगगाडीने आले, फिलाडेल्फियाहून आले, इतर शहरांतूनही आले. माणसे होती, बंब होते, रस्त्याच्या नळांत पाणीही होते. पण बाहेरून आलेल्या कित्येक नळ्यांच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या नळाच्या तोंडाला बसेनात. प्रत्येक शहराने आपापले आटे ठरविले होते. सुमारे ३० तास शहराचा मध्यभाग जळत राहिला, आणि १५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. वाऱ्याचा जोर होता, थंडी होती, ही कारणे खरीच. तरी पाण्याजवळ पोचलेल्या माणसाला केवळ आटे जुळत नाहीत म्हणून हात बांधून उभे राहावे लागावे, याहून विदारक चित्र मला तरी सुचत नाही.

आपल्याकडे आज नवी यंत्रे बहुतेक मेट्रिक आट्यांची असतात. एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट. त्याचा नेहमीचा अंतराल सव्वा मिलिमीटर. परंतु हार्डवेअरच्या दुकानात अजूनही सुताचा हिशेब ऐकू येतो. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. दोन्ही पद्धती एकाच फडताळात, शेजारशेजारच्या खोक्यांत नांदतात, आणि घोटाळा तेथेच होतो. अडीच सुती बोल्टाची जाडी भरते ७.९४ मिलिमीटर. एम ८ ची ८. बोटांत धरून हा फरक ब्रह्मदेवालाही कळावयाचा नाही. पण अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे अंतराल १.४१ मिलिमीटर, एम ८ चा १.२५. नट चढविला तर एक-दोन फेऱ्या तो मुकाट्याने जातो आणि मग अडतो. अशा वेळी जाणता कामगार नट काढून उजेडात धरतो. अधीर माणूस लांब पान्हा आणतो आणि जोर लावतो. नट पुढे जातो खरा, पण आटे कातरून जातो. बाहेरून जोड घट्ट दिसतो. आत धरावयास काही उरलेले नसते.

हा 'जवळजवळ तोच' स्क्रू किती घातक ठरू शकतो याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे ५३९० क्रमांकाचे विमान इंग्लंडातील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघाले. आत ८१ प्रवासी व ६ कर्मचारी होते. सुमारे १७,३०० फुटांवर असता वैमानिकासमोरची काच एकदम उडून गेली, आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. एका सेवकाने धावत येऊन त्यांना धरले. त्या बर्फगार वाऱ्यात कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने त्यांचे पाय धरून ठेवले, आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साऊदॅम्प्टनला उतरविले. सर्वजण वाचले; बाहेर अडकलेले कॅप्टनसुद्धा.

चौकशीत काय निघाले? ती काच आदल्या दिवशीच, उड्डाणापूर्वी २७ तासांवर, बदललेली होती. ती बाहेरून ९० बोल्टांनी बसविलेली होती, म्हणजे आतल्या हवेचा सारा दाब त्या बोल्टांनीच पेलावयाचा. त्या ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंच कमी होते. एक मिलिमीटरचे साधारण दोन तृतीयांश. उरलेले ६ जाडीला योग्य, पण लांबीला एक दशांश इंच अपुरे. काम करणाऱ्याने जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी धरून डोळ्यांनी जुळविले होते. आणि नियतीचा खेळ असा की दोन्ही प्रकारच्या बोल्टांना इंचात आटे ३२ च. त्यामुळे बारीक बोल्ट अडला नाही. नटात शिरला, फिरला, बसल्यासारखाही झाला. आट्याच्या कडा मात्र एकमेकींना निसटत्या लागल्या होत्या. घाटाचा रस्ता जागच्या जागी होता. फक्त गाडीचे चाक कडेच्या मातीवर होते. अडीच सुतीचा नट निदान अडतो आणि सावध करतो. या बोल्टांनी तेवढीही सूचना दिली नाही.

हे ओळखून काही ठिकाणी शहाण्या लोकांनी आटे मुद्दामच जुळू नयेत असे ठेवले आहेत. गॅस वेल्डिंगच्या दुकानात दोन नळकांडी असतात, एक ऑक्सिजनचे, दुसरे अ‍ॅसिटिलीनचे. ऑक्सिजनच्या जोडाचे आटे नेहमीप्रमाणे उजवे असतात. अ‍ॅसिटिलीनचे डावे, म्हणजे उलटे फिरवून आवळावयाचे. एकाची नळी दुसऱ्याला लावू म्हटले तरी लागत नाही. सायकलचे डावे पायडलही उलट्या आट्यांचे असते, पण तेथे कारण वेगळे: नेहमीचे आटे असते तर पाय मारता मारता ते आपोआप सुटत गेले असते.

शेवटी आपल्या घरातल्या लाकडी कामाकडे वळू, कारण विमाने आपल्या हाती नाहीत, दरवाजे आहेत. आपल्याकडे एक वाईट सवय पसरली आहे. सुतार स्क्रू लाकडावर ठेवतो, हातोडीने तीन-चार ठोके घालून तो पाऊण भाग आत घालवितो, आणि शेवटच्या दोन फेऱ्या तेवढ्या पेचकसाने देतो. वरून पाहणाऱ्याला डोक्यावरची चीर दिसते आणि काम व्यवस्थित झाले असे वाटते. खरे पाहता तेथे स्क्रू बसलेलाच नसतो. फिरवून घातलेला स्क्रू लाकडाच्या तंतूंत स्वतःचा घाट कोरीत जातो, आणि प्रत्येक आट्याला लाकडाचा एक कंगोरा धरावयास मिळतो. ठोकलेला स्क्रू ते कंगोरे मोडून टाकतो. मग त्याचा खिळाच होतो, आणि तोही खिळ्याहून वाईट, कारण खिळ्याचे अंग निदान गुळगुळीत असून लाकूड त्याला चहूकडून आवळून धरते.

पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे एका वर्गातला लांबरुंद फळा मधल्या सुट्टीत भिंतीवरून खाली आला. त्याची कड पहिल्या बाकाच्या फळीवर आदळली आणि फळीला कोयत्याचा घाव बसावा तशी खाच पडली. त्या बाकावर दहा मिनिटांपूर्वी तीन मुली बसल्या होत्या. भिंतीत ठोकलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून सगळे स्क्रू सरळ निसटून आले होते. एकाच्याही आट्यांत लाकडाचा कीस नव्हता. फिरवून बसविलेला स्क्रू उपटून निघतो तेव्हा आट्यांत लाकडाचे तंतू घेऊन येतो. या स्क्रूंच्या डोक्यांवर मात्र हातोडीचे वळ स्पष्ट होते. कंत्राटदाराचे माणूस आले, त्याने तेच स्क्रू त्याच भोकांत घातले, आणि खिशातून हातोडी काढली. त्या दिवशी शिपायाने आणि मी ती हातोडी त्याच्या हातून काढून घेतली, हे नोंदवून ठेवतो.

तेव्हा घरची बिजागरी लोंबू लागली आणि तिचा स्क्रू बोटानेच गरगर फिरू लागला, तर लगेच दुसरा जाड स्क्रू ठोकू नये. जुना काढावा. भोकात सरस लावून बांबूच्या किंवा आगकाडीच्या लाकडाच्या बारीक काड्या गच्च भराव्यात, बाहेर आलेली टोके चाकूने सपाट करावीत, आणि रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी गिरमिटाने मधोमध नवे छिद्र पाडावे. ते स्क्रूच्या आतल्या दांड्याएवढे असावे, आट्यांएवढे रुंद नसावे. कोकणात, गोव्यात जेथे पावसाळी हवेने लोखंड गंजते, तेथे पितळी स्क्रू घ्यावा. पितळ मऊ असल्याने त्याचे डोके तुटू शकते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून वाट पाडून घ्यावी, तो काढावा, आणि मग पितळी बसवावा. आट्यांना थोडा कोरडा साबण चोळला तर तो सहज जातो. पेचकसाचे टोक चिरेत पुरते भरेल असे निवडावे. शेवटच्या दोन फेऱ्यांत हाताला जड लागू लागेल. डोके बिजागरीच्या पत्र्याशी सपाट झाले की तेथेच थांबावे.